हायब्रीड गाडीला आणखी एक बॅटरी?

मंडणगडहून केळशीकडे उतरताना हायब्रीड गाडीची खरी कमाई होते. ब्रेकवर पाय पडला की मोटर जनित्रासारखी फिरते आणि बॅटरी भरू लागते. पण ग्रँड व्हिटारा किंवा हायरायडरमधली बॅटरी जेमतेम 0.76 किलोवॉट-तासांची. लांब उतारावर ती अर्ध्यातच भरते, पुढचा उतार फुकट जातो. मग वाटतंच, डिकीत आणखी एक बॅटरी टाकली तर?

कल्पना जुनी आहे. 2004मध्ये कॅलिफोर्नियातल्या हौशी अभियंत्यांनी टोयोटा प्रियसला जादा बॅटरी जोडून ती घरच्या प्लगवर चार्ज केली. 2010मध्ये पुण्याच्या केपीआयटीने ‘रिव्होलो’ किट पुढे आणलं. साध्या पेट्रोल गाडीच्या इंजिनाला पट्ट्याने जोडलेली मोटर आणि वेगळ्या बॅटऱ्या, अशी त्याची रचना. मोटारींच्या बाजारात ते रुजलं नाही, याची हळहळ वाटते. कारण अशा किटची गरज होती ती जास्त पेट्रोल पिणाऱ्या गाड्यांनाच.

हिशेब करून बघा. महिन्याला 1,000 किलोमीटर धरू. लिटरला 14चं अ‍ॅव्हरेज 20वर गेलं, तर 21 लिटर वाचतात. 20चं 26वर गेलं, तर वाढ तेवढीच, पण वाचतात साडेअकरा लिटर, म्हणजे साधारण बाराशे रुपये. किट लाखाचं धरलं तर पैसे वसूल व्हायला सात वर्षं लागतील. हायब्रीड बॅटरीवर कंपनीची वॉरंटी बहुधा आठ वर्षांची असते आणि तिच्या वायरिंगला बाहेरच्या माणसाने हात लावला की तीच धोक्यात येते. हा व्यवहार मला सरळसरळ आतबट्ट्याचा वाटतो.

शिवाय कायदा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52नुसार मूळ रचनेत मनमानी बदल चालत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने 2019मध्ये तेच ठणकावलं. हायब्रीड किटला 2016पासून नियमांची वाट आहे, पण किट मान्यताप्राप्त हवं आणि बदलाची नोंद आरटीओकडे हवी.

केळशीत येणाऱ्याने त्यापेक्षा मागच्या सीटजवळची जाळी बघावी. बऱ्याच हायब्रीड गाड्यांत तिथूनच केबिनमधली गार हवा बॅटरीकडे ओढली जाते. पुळणीवरून आलेल्या पायांची वाळू, ओले टॉवेल, पिशव्या सगळं तिथेच साचतं. जाळी तुंबली की बॅटरी तापते, पंखा घरघरू लागतो. जाळी साफ करायला पाच मिनिटं पुरतात. परतल्यावर गाडीचा तळ गोड्या पाण्याने धुऊन घ्यावा, खारी हवा पत्र्याला सोडत नाही.