तिकिटावर चार तास, पायांना चौदा तास

हैदराबाद ते दुबई हे हवाई अंतर सुमारे अडीच हजार किलोमीटर. विमान साधारण चार तासांत पोचते. तिकिटावर मात्र रात्री १० ला सुटून साडेबाराला पोचणार, असे दिसते. दुबईचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे, म्हणून हा फरक पडतो.

पण नायगावहून कामासाठी निघणाऱ्याचा प्रवास विमानात सुरू होत नाही. नरसी, देगलूर करत हैदराबाद गाठायला दोनशेहून अधिक किलोमीटर जावे लागते. बस किंवा जीपने पाच तास तरी धरा. विमानतळावर तीन तास आधी पोचायचे. तिकडे उतरल्यावर रांगा आणि पुन्हा गाडी. बेरीज केली तर बारा ते चौदा तास होतात आणि त्यातले बहुतेक बसूनच जातात.

आम्ही हा हिशेब मांडतो तो पायांसाठी. चार तास किंवा जास्त एका जागी बसून प्रवास केला, तर पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली सांगितले. हे बस, रेल्वे आणि मोटारीलाही लागू आहे. निरोगी माणसात असे क्वचितच घडते, त्यामुळे घाबरायचे कारण नाही. मात्र नुकतेच ऑपरेशन झालेले, गरोदर, गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या, वजन जास्त असलेल्या किंवा आधी गुठळी झालेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच निघावे.

प्रवासात काय करावे?

बस थांबेल तिथे उतरून चालावे. विमानात तासा-दोन तासाला उठावे. बसल्या जागी टाचा वर-खाली कराव्यात. लघवीला जावे लागेल म्हणून पाणी टाळू नये. दारू घेऊ नये.

विमानात हवेचा दाब कमी असतो. सिकलसेलच्या रुग्णाने तिकीट काढण्याआधीच डॉक्टरांना भेटावे.

औषधांचे काय?

साखरेच्या, रक्तदाबाच्या गोळ्या आणि इन्सुलिन हातातल्या पिशवीतच ठेवावे, सोबत डॉक्टरांची इंग्रजीत लिहिलेली चिठ्ठी घ्यावी. घड्याळ बदलल्यावर डोस कधी घ्यायचा, तेही त्यांनाच विचारून घ्यावे.

अंगदुखीच्या गोळ्या आणि खोकल्याचे औषध नेताना नाव नीट पाहा. ट्रॅमाडॉल किंवा कोडीन असलेल्या औषधांवर दुबईत कडक निर्बंध आहेत. चिठ्ठी आणि तिथली परवानगी नसेल तर पोलीस केस होऊ शकते. दुसऱ्याने दिलेली औषधांची पुडी, मग ती शेजाऱ्याची का असेना, सोबत नेऊ नका.

पोचल्यानंतरच्या काही आठवड्यांत एकच पाय सुजला, पोटरी दुखून गरम लागली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. एकाएकी दम लागला किंवा छातीत दुखले, तर थेट दवाखान्याच्या तातडीच्या विभागात जा. नवी नोकरी आहे, सुट्टी कशी मागू, असा विचार करत थांबू नका. घरच्यांनीही फोनवर पैशांच्या आधी तब्येत विचारावी.