चिखल, सायकल आणि चेन

मृगाचा पाऊस पडला की नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतील खेड्यांतून शाळेला येणाऱ्या मुलामुलींची एक अडचण सुरू होते. डांबरी रस्त्यावर सायकल छान चालते. पण घरापासून डांबरी रस्त्यापर्यंत पाणंद असते. पाणंद म्हणजे शेतांमधून जाणारी कच्ची वाट. पावसाळ्यात तिथे चिखलच चिखल असतो. तुम्ही घरी ज्याला कीचड म्हणता, तोच हा चिखल. सायकल थोडी पुढे जाते आणि अडते. चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये माती घट्ट बसते, चेन कुरकुर आवाज करते.

ज्या गावात आठवीच्या पुढे शाळा नाही, तिथे सायकल बंद पडली की शाळाही बुडते. मानव विकास कार्यक्रमातून महाराष्ट्रात अनेक मुलींना शाळेत जाण्यासाठी सायकली मिळाल्या. अशी सायकल दोन पावसाळ्यांतच खिळखिळी झाली तर नवी कोण देणार? म्हणून ती कशी धुवावी हे नीट समजून घेऊ.

आपल्याकडची काळी माती बेसॉल्ट खडक झिजून तयार झाली आहे. तिचे कण फार बारीक असतात. पाणी मिळाले की ती फुगते व चिकटते आणि वाळली की आक्रसून दगडासारखी होते. म्हणूनच उन्हाळ्यात शेतात भेगा पडतात. कापसाला हीच माती फार चांगली, सायकलला मात्र फार वाईट! चाक अडले तर पॅडलवर जोर देऊ नका. खाली उतरा आणि ओल्या मातीचा थर काडीने काढून टाका. ती वाळली तर काढणे कठीण होते.

आता चेनकडे पाहा. आज आपण जी चेन वापरतो, तिची रचना हान्स रेनॉल्ड यांनी १८८० मध्ये इंग्लंडमधील मँचेस्टर येथे केली. प्रत्येक कडीत एक पिन असते, पिनेभोवती नळी आणि नळीभोवती फिरणारा छोटा रोलर असतो. तेल लागते ते पिन आणि नळी यांच्यामध्ये, बाहेरून नव्हे. चेनवर आपल्याला जे काळे दिसते, ते तेल आणि माती यांचे मिश्रण असते. हे मिश्रण आत शिरले की पॉलिश पेपरासारखे लोखंड घासते. पिना झिजतात, चेन लांबते, आणि लांबलेली चेन चेनव्हीलचे व फ्रीव्हीलचे दातही खाऊन टाकते.

गंमत अशी की सायकलचे बरेच नुकसान चिखलाने होत नाही, धुण्याने होते. काही जण मोटारसायकल धुण्याच्या जोरदार फवाऱ्याखाली सायकल धरतात. सायकल दोन मिनिटांत चकाचक होते खरी. पण ते पाणी हबमध्ये, पॅडलच्या एक्सलमध्ये आणि फ्रीव्हीलमध्ये शिरते. आतले ग्रीस निघून जाते, माती आत जाते आणि छर्रे गंजतात. मग दुरुस्तीला पैसे जातात. ‘दुरुस्ती’ हा शब्द तुम्हाला शिकवायला नको. तो मराठीत फारसीतूनच आला आहे.

सायकलला फार पाणी लागतही नाही. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले होते, हे तुम्ही घरी ऐकले असेल. सायकल एका बादलीत स्वच्छ होते. आधी फडके भिजवून चिखलावर थोडा वेळ ठेवा. माती मऊ झाली की वरून हळू पाणी सोडा आणि फडक्याने पुसा. कोरडी माती घासली तर रंगावर ओरखडे पडतात. चेन शेवटी घ्या, म्हणजे तिची काळी घाण चाकांना लागणार नाही. एका हाताने पॅडल उलटे फिरवा आणि दुसऱ्या हाताने जुना दातांचा ब्रश चेनवर धरा. बोटे चेनव्हीलपासून दूर ठेवा. गेअरच्या, जाड टायरच्या सायकलीला मागे दोन लहान चाके असतात. त्यांच्या दातांत माती अडकते, ती काडीने काढा.

चेन फारच चिकट असेल तर फडक्याला थोडे रॉकेल लावून पुसा, पण चुलीपासून दूर. चेन रॉकेलमध्ये बुडवली तर आतले तेलही धुऊन निघते.

त्यानंतर कोरड्या फडक्याने चेन पुसा आणि सायकल काही वेळ वाऱ्यावर ठेवा. ओल्या चेनला तेल देणे व्यर्थ आहे. तेल शिलाई मशीनचे चालते. करडईचे तेल घरात असते म्हणून अनेक जण तेच घालतात. ते काही दिवसांत चिकट होते आणि धूळ धरते. गाडीतून काढलेले काळे ऑइल तर नकोच, त्यात लोखंडाचा कीस असतो. प्रत्येक रोलरवर एक थेंब सोडा, पॅडल थोडा वेळ फिरवा आणि बाहेरचे तेल पुसून टाका. रिमला किंवा ब्रेकला तेल लागू देऊ नका. ब्रेक लागणार नाही.

चेन किती झिजली हे तुमच्या कंपासपेटीत मावणार नाही अशा एका वस्तूने कळते, म्हणजे मोठ्या पट्टीने. पट्टीचा शून्य एका पिनेच्या मध्यावर ठेवा. नव्या चेनमध्ये तिथून पुढच्या चोविसाव्या पिनेचा मध्य बरोबर १२ इंचांवर येतो. तो एक अष्टमांश इंच पुढे गेला असेल, तर चेन बदला. चेन वेळेवर बदलली तर फ्रीव्हील आणि चेनव्हील बहुधा वाचतात.