पोपच्या पानावर कोणाला बसवावे?

पत्त्यांवर देव काढणे ही गोष्ट आपल्या लोकांस नवी नाही. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफा ज्यांनी पाहिल्या असतील त्यांना ठाऊकच आहे की, त्या गोल पानांचे दहा रंग म्हणजे विष्णूचे दहा अवतार, आणि एकंदर पाने 120. खेळणारा मत्स्यावताराचे पान जमिनीवर टाकतो म्हणून देवाचा अपमान झाला असे कोणी मानीत नाही. युरोपातील टॅरोच्या पत्त्यांची हकीकत मात्र इतकी सरळ नाही. तेथे पानावर काय छापले यावरून माणसाला अटक झालेली आहे. आणि आजही चर्चमध्ये वाढून पुढे त्यातून बाहेर पडलेली माणसे ‘ज्यात ख्रिस्ती चित्रे नाहीत असा जोड कोणता घ्यावा?’ हा प्रश्न मोठ्या कळकळीने विचारीत असतात.

टॅरोचा जोड 78 पानांचा. त्यांतील 56 पाने नेहमीच्या पत्त्यांसारखी: पेले, तलवारी, दंड आणि नाणी असे चार रंग, प्रत्येकाची 14 पाने. उरलेली 22 चित्रांची. त्यांत सम्राट, पोप, मृत्यू, सैतान, अखेरचा न्याय अशी मंडळी आहेत. 15 व्या शतकात उत्तर इटलीच्या दरबारांतून हा जोड निघाला तो निव्वळ खेळण्यासाठी, आणि ही चित्रे म्हणजे त्या खेळातील हुकुमाची पाने. भविष्याशी त्याची गाठ पडली ती पुढे तीनशे वर्षांनी. कूर द जेबलँ या फ्रेंच गृहस्थांनी 1781 मध्ये ठोकून दिले की, ही पाने म्हणजे प्राचीन मिसरी पुरोहितांचे गुप्त ज्ञान होय. मिसरी चित्रलिपी त्या वेळी कोणालाच वाचता येत नव्हती. शांपोल्याँने ती 1822 मध्ये उलगडली. तोवर हे खोटे ठरविणार कोण?

पाने मांडून उद्याचे कळते यावर आमचा विश्वास नाही, हे येथेच सांगून टाकतो. पण आज पुष्कळ लोक ती भविष्यासाठी मांडीत नाहीत. समोरच्या चित्राच्या निमित्ताने आपल्याच मनाचा ठाव घ्यावा, एवढाच त्यांचा हेतू असतो. तो खरा मानला तर चित्र कोणते हा प्रश्न क्षुल्लक राहत नाही. लहानपणी ज्याला नरकाची भीती घालून वाढविले, त्याने मन मोकळे करायला बसावे आणि पहिल्याच पानावर शिंगवाला सैतान निघावा, हे कसे चालेल?

आज जगभर चालतो तो जोड लंडनच्या रायडर कंपनीने 1909 मध्ये काढला. कल्पना आर्थर वेट यांची, चित्रे पामेला कोलमन स्मिथ या बाईंची. त्यातील ख्रिस्ती खुणा मोजू लागलो तर पुष्कळ निघतात. पाचव्या पानावर सिंहासनस्थ धर्मगुरू, त्याच्या पायाशी किल्ल्या, समोर मस्तक मुंडलेले दोन भिक्षू. सहाव्यावर एदेनच्या बागेतील स्त्रीपुरुष, झाड आणि झाडाला वेढलेला सर्प. पंधराव्यावर सैतान आणि त्याच्या दगडाला जखडलेली ती जोडी. विसाव्यावर देवदूत तुतारी फुंकतो आहे आणि शवपेट्यांतून मृत उठत आहेत. पेल्यांच्या एक्क्यावर कबुतर क्रूसाची खूण असलेली चकती घेऊन उतरते आहे. पण आमचे लक्ष खिळून राहते ते नाण्यांच्या पंजीवर. बाहेर हिमवर्षाव चालला आहे, दोन भिकारी, त्यांतला एक कुबड्यांवर, चाललेले आहेत, आणि त्यांच्या डोक्यावर रंगीत काचेची प्रकाशाने भरलेली खिडकी आहे. दार कोठेच दिसत नाही. ज्याने कधी कारखान्याच्या बंद फाटकाबाहेर दिवस काढले असतील त्याला हे पान कोणी समजावून सांगावे लागणार नाही. ही खिडकी ख्रिस्ती आहे म्हणून हे पान जोडातून काढावे, असे आम्ही तरी म्हणणार नाही. ते चर्चची स्तुती करते की चर्चवर ठपका ठेवते, हे पाहणाऱ्याने ठरवावे.

आता गंमत पाहा. जुने देव पानांवर आणण्याची युक्ती आजची नव्हेच. मिलानचा ड्यूक फिलिप्पो मारिया व्हिस्कोंती याने 15 व्या शतकाच्या पूर्वार्धात एक जोड करवून घेतला होता. त्यात हुकुमाच्या जागी ग्रीक-रोमन देव आणि वीर असे सोळा जण होते. पुढे 1725 मध्ये बोलोन्या शहरात मोंतिएरी नावाच्या एका पाद्र्याने पानांवर भूगोलाची माहिती छापली, आणि बोलोन्याचे राज्य ‘मिश्र’ स्वरूपाचे आहे असे त्यात लिहिले. शहरावर सत्ता पोपची! अधिकाऱ्यांनी त्याला पकडले. शेवटी प्रकरण मिटले ते अशा अटीवर की, जोडातील पोप, स्त्री-पोप, सम्राट व सम्राज्ञी काढून तेथे चार मूर सरदार बसवावेत. इतरत्रही पोपाला पत्त्यांत लोळविणे बरे दिसेना. बझाँसाँच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जोडात पोप आणि स्त्री-पोप यांच्या जागी ज्युपिटर आणि जुनो आले. बेल्जियमकडच्या जोडात पोपच्या जागी मद्याचा देव बॅकस बसला. म्हणजे जुने देव आले ते पोपला हाकलण्यासाठी नव्हे, त्याची अब्रू राखण्यासाठी! आज तेच देव पोपपासून सुटका म्हणून विकत घेतले जातात.

‘पेगन’ या शब्दाचे मूळही येथे सांगण्याजोगे आहे. लॅटिनमध्ये ‘पागानुस’ म्हणजे खेडूत. पुढे ख्रिस्ती लोकांनी तो जुन्या देवांना धरून राहिलेल्यांना लावला. इंग्लंडात जेराल्ड गार्डनर यांचे चेटूकधर्मावरील पुस्तक 1954 मध्ये निघाले, जुना चेटूकविरोधी कायदा 1951 मध्ये रद्द झाला होता, आणि तेथून पुढे हे नाव अभिमानाने घेणारा नवा पंथ उघडपणे वाढला. टॅरोचे पेगन जोड त्या पंथाचे अपत्य. ते हजारो वर्षांचे आहेत असे दुकानदार सांगू लागला तर कूर द जेबलँची आठवण ठेवावी.

जोड निवडताना वेष्टणावरील चंद्रकोर आणि हरिणे पाहून भुलू नये. पाचवे, पंधरावे आणि विसावे पान उलगडून पाहावे. 2004 च्या ड्रूइडक्राफ्ट जोडात पाचव्या पानावर ‘मुख्य पुरोहित’ आहे. धर्मगुरूचे आसन तसेच राहिले, बसणारा तेवढा बदलला. 2011 च्या वाइल्डवुड जोडात त्याच जागी ‘पूर्वज’ आहे आणि विसाव्या पानावर न्यायनिवाड्याऐवजी ‘मोठे अस्वल’. हा बदल आम्हाला अधिक खरा वाटतो, कारण त्यात निवाडा करणाराच उरलेला नाही. व्हिकी नोबल आणि कॅरन व्होगेल यांच्या 1981 च्या ‘मदरपीस’ जोडाने तर पाने गोल केली आणि राजा, राणी, स्वार, शागीर्द यांऐवजी शामन, पुजारीण, मुलगा, मुलगी आणली. राजालाच रजा दिली!

ड्रूइडक्राफ्टमध्ये पंधराव्या पानावर सैतानाच्या जागी केर्नुन्नोस हा शिंगांचा देव आहे. शिंगे म्हणजे सैतान ही ख्रिस्ती चित्रकारांनी घातलेली सवय. ती मोडण्याचा हा प्रयत्न. या देवाचे नाव पॅरिसमधील एका दगडी स्तंभावर कोरलेले सापडले. नोत्र दाम या चर्चच्या खाली, 18 व्या शतकाच्या आरंभी खोदकाम चालू असता तो स्तंभ निघाला. सम्राट तिबेरियसच्या काळी, म्हणजे इ. स. 14 ते 37 च्या दरम्यान, तो कोणी उभारला? सेन नदीवरील नावाड्यांच्या संघाने. राजाने नव्हे, पुरोहितानेही नव्हे. स्तंभाचे दगड आज पॅरिसच्या क्लुनी संग्रहालयात आहेत.

आणखी एक गोष्ट. पामेला स्मिथ यांनी 1909 मध्ये एका मित्राला पत्राने कळविले होते की, मोठे काम हातावेगळे केले, पैसे मात्र फारच थोडे मिळाले. जोडाला नाव पडले ते प्रकाशकाचे आणि वेट यांचे. बाई 1951 मध्ये कॉर्नवॉलमध्ये वारल्या तेव्हा कर्ज फेडण्यासाठी त्यांचे सामान विकावे लागले. अलीकडे काही लोक त्या जोडाच्या नावात ‘स्मिथ’ जोडू लागले आहेत. पेगन जोड घ्या की जुना घ्या, खोक्यावर चित्रकाराचे नाव आहे की नाही तेवढे आम्ही आधी पाहतो. जुन्या जोडाच्या पानांच्या कोपऱ्यांत बाईंची सही आहे, वेलीसारखी गुंतलेली. शोधली तर सापडते.