फार्मसी कॉलेजचं यश कशात मोजायचं?

एम.फार्म.साठीची जीपॅट परीक्षा 125 प्रश्नांची, 500 गुणांची. बरोबर उत्तराला 4 गुण, चुकलं की 1 वजा. पात्र ठरून मान्यताप्राप्त कॉलेजात पूर्णवेळ प्रवेश घेतला की दरमहा 12,400 रुपये विद्यावेतन, 24 महिने. म्हणजे एकूण 2,97,600 रुपये. कापूस-केळीच्या भावावर ज्यांचं वर्ष ठरतं, त्या घरातली मुलगी या रकमेवर पदव्युत्तर शिक्षण पुरं करू शकते. चोपड्यात महात्मा गांधी शिक्षण मंडळाचं श्रीमती शरच्चंद्रिका सुरेश पाटील फार्मसी कॉलेज आहे, शेजारच्या तालुक्यात शिरपूरचं आर. सी. पटेल. अशा गावांत जीपॅटच्या निकालाचे फलक लागतात, ते लागायलाच हवेत.

खुद्द कॉलेजचं माप वेगळं. केंद्राच्या एनआयआरएफ क्रमवारीत 100 पैकी 30 गुण अध्यापन व साधनांना, 30 संशोधनाला, 20 विद्यार्थ्यांच्या निकालांना, 10 सर्वसमावेशकतेला आणि 10 लौकिकाला. शोधनिबंध, पेटंट, प्रकल्पांचा निधी हे सगळं संशोधनाच्या 30 गुणांत येतं. ते संशोधन कोणाच्या उपयोगी पडलं, याला मात्र स्वतंत्र रकाना नाही. मला ही उणीव मोठी वाटते, आणि चोपड्यात तर ती फारच जाणवते.

कारण तालुक्याच्या उत्तरेला सातपुडा आहे, आणि तिथल्या भिल्ल-पावरा पाड्यांवर सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे. 1 जुलै 2023 रोजी सुरू झालेल्या सिकलसेलविरोधी राष्ट्रीय अभियानात 40 वर्षांपर्यंतच्या 7 कोटी लोकांची तपासणी ठरली. तपासणीनंतर प्रश्न येतो औषधाचा. या आजारावरच्या हायड्रॉक्सियुरियाची नेहमीची कॅप्सूल 500 मिलिग्रॅमची. मुलांना सुरुवातीला वजनाच्या दर किलोमागे साधारण 15 ते 20 मिलिग्रॅम द्यायचं. 12 किलोच्या मुलाला 180 ते 240 मिलिग्रॅम, म्हणजे अर्ध्या कॅप्सूलपेक्षाही कमी! आणि ही कॅप्सूल घरी फोडायची नसते. आतली भुकटी हाताळणाऱ्यालाही अपायकारक. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने (आयसीएमआर) 2024 मध्ये मुलांसाठीच्या औषधरूपाकरिता उत्पादकांना पुढे येण्याचं आवाहन केलं, ते याच अडचणीपोटी.

फार्मास्युटिक्सच्या विद्यार्थ्याचा हा अगदी घरचा विषय. हायड्रॉक्सियुरियाला ओल सोसत नाही, त्यामुळे द्रवरूप टिकवणं अवघड. कमी मात्रेची, पाण्यात विरघळणारी गोळी हाही एक मार्ग. औषध टिकतं का, हे पाहण्याच्या त्वरित चाचणीत ते 40 अंश तापमान आणि 75 टक्के आर्द्रतेत 6 महिने ठेवतात. मे महिन्यात चोपड्याचा पारा दुपारी 40 च्या वर जातो आणि पाड्यावरच्या प्रत्येक घरात फ्रीज नसतो, तेव्हा ही अट इथे रोजच्या जगण्यातली आहे. एम.फार्म.ची 4 सत्रं. प्रबंधाचं काम मुख्यतः शेवटच्या 2 सत्रांत, म्हणजे जेमतेम वर्षभर. त्यातले 6 महिने या चाचणीतच जातात. म्हणून विषय पहिल्या वर्षीच ठरवून, नमुने तिसऱ्या सत्राच्या सुरुवातीलाच चाचणीच्या कपाटात ठेवावे लागतील.