उष्णतेचा जमाखर्च

मध्यंतरी आमच्या वस्तीत एक विक्रेता आला. मोटार जनित्राला फिरवते, जनित्र मोटारीला वीज पुरवते आणि उरलेल्या विजेवर घरातले दिवे लागतात. इंधन नको, बिल नको, असे यंत्र देतो म्हणाला. एका भगिनीने बचत गटातून कर्ज काढून आगाऊ रक्कम भरली. यंत्र आले नाही, विक्रेताही पुन्हा दिसला नाही. त्या भगिनीला उष्मागतिकीचे दोन नियम कोणी सांगितले असते, तर कष्टाचे पैसे वाचले असते.

उष्मागतिकी म्हणजे उष्णता आणि काम यांचा हिशेब सांगणारे शास्त्र. त्याचा पहिला नियम आम्हा कारकुनांना लगेच पटतो : जमा असेल तेवढाच खर्च. ऊर्जा नव्याने निर्माण होत नाही, नष्टही होत नाही. फक्त खाते बदलते. इंग्लंडचे जेम्स जूल हे बिअर बनविणाऱ्याचे चिरंजीव, प्राध्यापक नव्हते. त्यांनी १८४० च्या दशकात खाली उतरणाऱ्या वजनाच्या जोरावर पाण्यात वल्ही फिरवून पाणी किती तापते ते मोजले. आजच्या मापाने, १ लिटर पाणी १ अंशाने तापविण्यास जेवढी ऊर्जा लागते, तेवढ्यात ५० किलोचे सिमेंटचे पोते सुमारे साडेआठ मीटर वर चढते. पोती वाहणाऱ्यांना याची किंमत वेगळी सांगायला नको!

दुसरा नियम असा, की उष्णता आपणहून गरम वस्तूकडून थंड वस्तूकडेच जाते. निवलेला चहा आपोआप तापत नाही. फ्रिज उलटे काम करतो, पण त्यासाठी वीज खर्ची पडते. उष्णतेवर चालणाऱ्या इंजिनाला मर्यादा असते, हे फ्रेंच अभियंते सादी कार्नो यांनी १८२४ मध्येच मांडले होते. प्रत्येक यंत्रात थोडी ऊर्जा घर्षणाने उष्णता होऊन विखुरते. ती नाहीशी होत नाही, पण पुन्हा कामाला येत नाही. म्हणून ते यंत्र दिवे लावणे दूरच, स्वतःही फिरत राहिले नसते.

हाच हिशेब स्वयंपाकघरातही ठेवावा. उघड्या भांड्यात पाणी उकळू लागले, की ते साधारण १०० अंशांवरच थांबते. आच मोठी ठेवली तरी अन्न लवकर शिजत नाही, फक्त वाफ वाढते. तेव्हा आच कमी करून झाकण ठेवावे. कुकरमध्ये वाफ कोंडल्याने तापमान १२० अंशांच्या आसपास जाते, म्हणून डाळ लवकर शिजते.

यापुढे फुकट ऊर्जा विकायला कोणी दारी आला, तर एकच प्रश्न विचारा : खर्च दाखवता, पण जमा कोठून झाली?