ब्लॉकचं माप, ब्लॉकचं मोल

बारामती-फलटण रस्त्यावरच्या सांगवीत, एका गॅरेजच्या बाकावर यामाहा आरएक्स १००चं इंजिन सुटं करून मांडलं होतं. विकायला आणणारा तरुण सांगत होता, ‘रेसचं इंजिन आहे, भाव जास्तच पडणार.’ मिस्त्रींनी भावाचं काहीच काढलं नाही. रॉकेलचा बोळा फिरवून त्यांनी क्रँककेसवरचा नंबर मोकळा केला.

१९८५ ते १९९६ एवढीच वर्षं ही गाडी निघाली, त्यामुळे मूळ इंजिनाला मागणी आहे आणि बनावटही भरपूर. ठोकलेले अंक एका ओळीत, सारख्या खोलीचे हवेत. पट्टीवर कानशीचे ओरखडे दिसले किंवा नंबर आरसी बुकाशी जुळला नाही, तर व्यवहार तिथंच थांबतो.

मग केसच्या दोन्ही बाजू. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल आणि हवेचं मिश्रण आधी केसमध्ये येतं, तिथं दाबलं जाऊन वर चढतं. जोडातून बाहेरची हवा शिरली की मिश्रणात पेट्रोल कमी पडतं, पिस्टन तापतो आणि जाम होतो. म्हणून मिस्त्री जोडाच्या कडेवरून बोट फिरवतात. स्क्रूड्रायव्हर घालून केस उघडलेली असेल तर मऊ ॲल्युमिनियमवर खाचा राहतात. आर्गन वेल्डिंगचे फुगवटेही बोटाला लागतात.

ब्लॉकची पाती ॲल्युमिनियमची, आतली स्लीव्ह लोखंडी. मूळ बोअर ५० मिलिमीटर, स्ट्रोकही ५०; त्यातून ९८ सीसी. बोअर ५८ भरला, तर तो आरएक्स १३५चा ब्लॉक. बोअर गेज वर, मध्ये, खाली आणि आडवा-उभा फिरवला तेव्हा आकडा ५०.५० आला. पाव-पाव मिलिमीटरच्या पायऱ्यांनी बोअरिंग होतं, म्हणजे इथं दोन पायऱ्या खर्ची पडल्या होत्या. पुढच्या प्रत्येक बोअरिंगला स्लीव्ह आणखी पातळ होणार.

शेवटी बॅटरी लावून ब्लॉकच्या खिडक्या, म्हणजे पोर्ट, पाहिल्या. सायलेन्सरकडची खिडकी वर कापलेली होती. तशी कापली की वरच्या आरपीएमला जोर वाढतो, खालची ओढ जाते. ‘दादा, रेसवाल्याला हे चालेल. पण मूळ गाडी उभी करणाऱ्याला नाही. कापलेलं लोखंड परत येत नाही,’ मिस्त्री म्हणाले.

मला त्यांचं पटलं. रेसच्या ब्लॉकलाही मोल आहे, पण ते ट्यूनिंग करणाऱ्या हाताचं. मूळ ब्लॉकचं मोल न छेडलेल्या धातूचं. दोन्ही एकाच भावात तोलणं हा घेणाऱ्यावर अन्याय आहे. बफ मारून चकचकीत केलेलं ॲल्युमिनियम तर मूळ ओतकामाचा पोत आणि जुन्या दुरुस्तीच्या खुणा दोन्ही पुसून टाकतं. विकणाऱ्यानं नंबर, बोअरचं माप, वेल्डिंग आणि कापलेल्या खिडक्या बिलावर लिहून द्याव्यात. घेणाऱ्यानं हे चार तपशील पडताळूनच पैसे मोजावेत.