माईक घ्यायच्या आधी खोली ऐका

(किन्हीराजा, ता. मालेगाव, जि. वाशीम येथे झालेल्या व्याख्यानाचे हे शब्दांकन आहे. विषय होता ‘घरच्या रेकॉर्डिंगसाठी परवडणारा कंडेन्सर माईक’. बोलण्यातली पुनरुक्ती कमी केली आहे. शेवटची प्रश्नोत्तरे थोडक्यात दिली आहेत.)



इथे भजनी मंडळातली माणसं आहेत, वऱ्हाडीत व्हिडिओ करणारी पोरं आहेत, शाळेसाठी कविता रेकॉर्ड करणाऱ्या बाई आहेत. सगळ्यांचा प्रश्न एकच असतो : “कोणता माईक घेऊ?” माझा उलटा प्रश्न असतो : “ठेवणार कुठे?” कारण सोयाबीनच्या पैशातून सात-आठ हजार बाजूला काढून घेतलेला माईक दोन महिन्यांत कपाटावर जाऊन पडतो, हे मी बऱ्याच घरांत पाहिलंय. माईक खराब नसतो. तो त्या खोलीसाठी, त्या कामासाठी नसतो. म्हणून आज कंपन्यांची यादी वाचणार नाही. निवड कशी करायची, ते सांगतो.

कंडेन्सर म्हणजे काय?

आवाज म्हणजे हवेतला हलका दाब. त्या दाबाची वीज करायची, एवढंच माईकचं काम. ते करायच्या दोन मुख्य पद्धती आहेत.

पहिली डायनॅमिक. एक पातळ पडदा, त्याला चिकटलेली तारेची गुंडाळी आणि तिच्याभोवती लोहचुंबक. पडदा हलला की गुंडाळी हलते आणि वीज तयार होते. लग्नात, सभेत, कीर्तनात हातात दिसतो तो बहुतेक वेळा हाच. शुअर कंपनीचा एसएम५८ हा १९६६ सालचा माईक आजही तसाच विकला जातो.

दुसरी कंडेन्सर. इथे गुंडाळी नाही. धातूचा मुलामा दिलेला अतिशय पातळ पडदा आणि त्याच्या मागे एक स्थिर पत्रा, दोघांवर विजेचा भार. आवाजाने पडदा हलला की दोघांमधलं अंतर बदलतं आणि त्यातून विजेचा संकेत मिळतो. अमेरिकेत ई. सी. वेंट यांनी १९१६ च्या सुमाराला असा माईक बनवला. पुढे १९६२ मध्ये जेम्स वेस्ट आणि गेरहार्ड सेसलर यांनी इलेक्ट्रेट पद्धत आणली. त्यात विजेचा भार पदार्थातच कायमचा मुरवलेला असतो. त्यामुळे माईक लहान झाला, स्वस्त झाला. तुमच्या खिशातल्या मोबाईलचा माईकही याच कुळातला आहे बरं का. म्हणजे कंडेन्सर माईक तुमच्याकडे आधीच आहे!

कंडेन्सरचा पडदा हलका, म्हणून तो बारीक आणि उंच स्वरातला तपशील चांगला पकडतो. त्याचा संकेतही जोरदार असतो. ऑडिओ-टेक्निकाचा एटी२०२० हा परवडणाऱ्यातला नेहमीचा माईक ठरावीक आवाजाला साधारण १४ मिलिव्होल्ट देतो. तेवढ्याच आवाजाला एसएम५८ देतो दोनपेक्षा कमी. सातपटीहून जास्त फरक.

‘कंडेन्सर गोंगाट जास्त ओढतो’ हे कितपत खरं?

हे सगळेच सांगतात. पण नीट बघा. कंडेन्सर तुमचा आवाज सातपट देतो, तसा कूलरचा आवाजही सातपटच देतो. दोघांचं आपसातलं प्रमाण बदलत नाही. मग डायनॅमिकमध्ये कूलर कमी का ऐकू येतो? कारण तो माईक आपण ओठांपाशी धरतो. त्याची जाळी, आतला फोम त्यासाठीच केलेला असतो. कंडेन्सर इतक्या जवळ आणला तर ‘प’, ‘फ’, ‘भ’ म्हटलं की फाडकन हवा आदळते. म्हणून तो लांब ठेवतात, आणि लांब ठेवला की खोली आत शिरते. फरक मुख्यतः अंतराचा आहे.

अंतराचा हिशेब सोपा आहे. माईक दोन हातांवर असेल आणि तो एका हातावर आणला, तर तुमचा आवाज माईकला दुप्पट मिळतो, म्हणजे ६ डेसिबल वाढतो. एका हातावरून वीतभर अंतरावर आणला की आणखी ६. एकूण १२ डेसिबल. कूलरचा आवाज मात्र तेवढाच राहतो. ही सुधारणा फुकट आहे. कंडेन्सरसाठी वीतभर अंतर आणि मध्ये पॉप फिल्टर, ही जागा धरून चाला. त्याहून जवळ गेलात तर आवाजात खर्ज फुगतो.

आधी खोलीची परीक्षा

माईक मागवण्याआधी घरी एक काम करा. ज्या वेळी आणि ज्या खोलीत रेकॉर्डिंग करणार, तिथे मोबाईल ठेवा आणि एक मिनिट काहीही न बोलता रेकॉर्ड करा. मग एकदा टाळी वाजवा. इयरफोन लावून ऐका.

पंखा, कूलर, फ्रिज, रस्त्यावरचे ट्रक, शेजारचा मोटारपंप, सगळं ऐकू येईल. टाळीनंतर ‘टन्न’ असा शेपूट ऐकू आला, तर खोली घुमते. टिनाचं छप्पर, सिमेंटच्या उघड्या भिंती, फरशी, सामान कमी, अशा खोलीत हे होणारच.

घुमणं कमी करायला गोधड्या वापरा. बोलणाऱ्याच्या पाठीमागे दोरीवर दोन जाड गोधड्या, एक बाजूला, खाली सतरंजी. गादी उभी केली तरी चालते. कपड्यांनी भरलेलं उघडं कपाट उत्तम. अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवू नका, पातळ पुठ्ठ्याने फारसा उपयोग होत नाही. आणि हे लक्षात ठेवा : गोधडी खोलीतला घुमारा कमी करते, बाहेरचा ट्रक थांबवत नाही. ट्रकसाठी वेळ बदलावी लागते, किंवा मधली खोली निवडावी लागते.

आता जाहिरातीतले आकडे

पहिला आकडा म्हणजे माईकचा स्वतःचा आवाज, ‘सेल्फ नॉइज’. प्रत्येक कंडेन्सर थोडी सळसळ करतोच. एटी२०२० ची २० डेसिबल, रोड एनटी१-ए ची ५. एनटी१-ए महाग आहे. ५ कुठे आणि २० कुठे, असं वाटतं ना? पण रात्रीची शांत खोलीही साधारण ३० डेसिबलच्या आसपास असते. ३० च्या खोलीत २० चा माईक ठेवला तर एकूण होतात ३०.४. पाचवाला ठेवला तर ३०. फरक अर्ध्या डेसिबलहून कमी, कानाला कळणार नाही. पंखा सुरू असेल तर विचारूच नका. म्हणजे ज्याची खोली खरंच शांत आहे, आणि ज्याला अगदी हलका आवाज टिपायचा आहे, त्यानेच त्या १५ डेसिबलसाठी जादा पैसे द्यावेत.

दुसरी गोष्ट, दिशा. ‘कार्डिऑइड’ लिहिलेला माईक समोरचं जास्त ऐकतो आणि पाठीमागचं सर्वांत कमी. तो घ्या. आणि माईकची पाठ कूलरकडे किंवा खिडकीकडे करा. बरेच कंडेन्सर बाजूने बोलायचे असतात, टोकावरून नाही. नाव किंवा खूण असलेली बाजू बहुधा समोरची. माणसं महिनाभर उलट्या बाजूने गातात आणि माईकला नावं ठेवतात.

तिसरा आकडा, किती मोठा आवाज सहन होतो. भजनवाल्यांना खंजिरी, टाळ, ढोलकीची काळजी असते. एटी२०२० ची मर्यादा १४४ डेसिबल आहे. खंजिरीने तो डगमगत नाही. आवाज फाटतो तो बहुतेक वेळा इंटरफेसचा गेन चढवून ठेवल्याने. सगळ्यात जोरदार थाप मारून बघा आणि गेन त्याच्या खाली ठेवा.

‘२० ते २०,००० हर्ट्झ’ हे जवळपास प्रत्येक डब्यावर असतं, त्यावरून निवड होत नाही. सोनेरी रंग, दिवे, सोबत आलेला कात्री-स्टँड यावरून तर नाहीच.

जोडणार कशाला?

इथे सगळ्यात जास्त पैसे वाया जातात. स्टुडिओच्या कंडेन्सरला तीन पिनांची एक्सएलआर केबल आणि ४८ व्होल्टची फँटम पॉवर लागते. ती इंटरफेस किंवा मिक्सर देतो. बीएम-८०० नावाने विकला जाणारा स्वस्त माईक पुष्कळांनी घेतलाय. त्याच्यासोबतची वायर थेट मोबाईल-लॅपटॉपच्या गोल भोकात घालतात. तिथे जेमतेम दोन-चार व्होल्ट मिळतात. आवाज बारीक येतो, तो वाढवला की सळसळ वाढते, आणि माणूस म्हणतो माईक बोगस. त्याचं जेवणच त्याला मिळालेलं नसतं.

एकट्याने बोलायचं असेल, गोष्टी सांगायच्या असतील, तर यूएसबी कंडेन्सर सोपा. वीज आणि जोडणी एकाच वायरीत, बऱ्याच मोबाईललाही चालतो. गाणं आणि पेटी वेगवेगळी घ्यायची असेल, पुढे दुसरा माईक जोडायचा असेल, तर दोन इनपुटांचा इंटरफेस आणि एक्सएलआर माईक. तेव्हा हिशेब असा करा : इंटरफेस, स्टँड, केबल, पॉप फिल्टर, हेडफोन मिळून जवळपास माईकइतकेच पैसे लागतात. सगळं बजेट माईकवर घालवू नका.

आपल्याकडच्या दोन अडचणी सांगतो. एक, लॅपटॉपचा चार्जर लावला की ‘हुंऽऽ’ ऐकू येतं. आपली वीज ५० हर्ट्झची, आणि घरात अर्थिंग नीट नसतं. चार्जर काढून बॅटरीवर रेकॉर्ड करून बघा. आवाज गेला तर दोष माईकचा नाही, अर्थिंग करून घ्या. दुसरी अडचण ओल. पावसाळ्यात दमट हवेने कंडेन्सर तडतडतो. काम झालं की तो डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. उघडा माईक टेबलावर ठेवून कूलर लावू नका.

मग निवड

खोलीत गोंगाट आहे, तो बंद करता येत नाही, आणि बोलणारा माणूस माईकजवळ राहू शकतो? डायनॅमिक घ्या, त्यात कमीपणा काही नाही. मात्र त्याला इंटरफेसचा गेन बराच लागतो. शिवाय एसएम५८ च्या नकला खूप फिरतात, बिल देणाऱ्याकडूनच घ्या.

रात्री-पहाटे खोली शांत मिळते, गोधड्या लावता येतात? साधा कार्डिऑइड कंडेन्सर घ्या, एटी२०२० च्या वर्गातला. त्यात कित्येक वर्षं काम होतं.

आवाज हलका आहे, म्हातारं माणूस आहे, त्याच्या ओठाला माईक लावला तर ते बुजतं? तिथे कंडेन्सरच. वीतभर नाही तर हातभर अंतरावरूनही तो ऐकतो. फक्त त्या दिवशी पंखा बंद.

माईक आला की परत करायची मुदत संपायच्या आत तीच एक मिनिटाची शांत परीक्षा घ्या.

श्रोत्यांचे प्रश्न

*सर, आमची खोली टिनाची हाय. पावसात रेकॉर्डिंग होईन काय?*

पाऊस सुरू असताना नाही. कोणताही माईक घ्या, टिनावरचा पाऊस हा बोलण्याइतकाच मोठा असतो. उन्हाळ्यात दुपारी टिन तापून कडकड वाजतं, तेही येतं. तुमची वेळ पहाटेची.

*देवळात अख्खं भजन एकाच माईकवर घेता येतं का?*

येतं, पण मग माईक नाही, माणसं हलवायची. मुख्य गाणारा सर्वांत जवळ, पेटी त्याच्या बाजूला, टाळकरी दोन-तीन हात मागे, खंजिरीवाला त्याच्याही मागे. दोन मिनिटं रेकॉर्ड करून ऐका, मग जागा बदला. देऊळ घुमत असेल तर सभामंडपाच्या मधोमध बसण्यापेक्षा दारापाशी, उघड्या बाजूला बसून बघा.

*माझ्या सासूबाईंना जात्यावरच्या लई ओव्या येतात. मोबाईलवर घेतल्या त चालते, का माईक आल्यावर घेऊ?*

ताई, आजच मोबाईलवर घ्या. गाडगेबाबांचं १९५६ सालच्या ८ नोव्हेंबरचं मुंबईतलं, वांद्र्याचं कीर्तन आपण आज ऐकू शकतो. २० डिसेंबरला बाबा गेले. मध्ये जेमतेम सहा आठवडे होते. चांगल्या यंत्राची वाट पाहिली असती, तर ते कीर्तन राहून गेलं असतं.

मोबाईल त्यांच्यापासून हातभर अंतरावर, गोधडीच्या घडीवर ठेवा. फोन एअरप्लेन मोडवर टाका. पंखा बंद, दार लावलेलं. सुरुवातीला त्यांचं नाव, गाव, माहेर आणि तारीख बोलून घ्या. फाईल दोन ठिकाणी ठेवा. माईक आला की पुन्हा घ्या, त्या तेव्हा एखादी वेगळीच ओवी म्हणतील. तेव्हा मग पहिली पुसू नका.